ओठ मिटलेले, दात सुटलेले

१९ जानेवारी

नातीच्या आजीस,

पत्र बघून दचकू नकोस. घर जागेवर आहे, वर्कशॉप जागेवर आहे, आणि खिडकीतली तुझी रोपंही मी मारलेली नाहीत. एक गेलं, पण ते तू असतानाच जायच्या तयारीत होतं.

फोन का करत नाही, असं लेकीने विचारलं. फोनवर काय बोलणार? मी हॅलो म्हणतो, तिकडे बाळ उठतं, तू फोन ठेवतेस. शिवाय हल्ली जरा जास्त बोललं की गालाला रग लागते. थंडी असेल. पत्र बरं, त्यात मधेच कोणी रडत नाही.

लेक कामावर रुजू झाली, बाळाला बघायला कोणीतरी हवं, म्हणून तू गेलीस. लोकांना मी हेच सांगतो आणि ते खरंही आहे. पण गाडीच्या दारात उभी राहून तू जे बोललीस ते लोकांना सांगत नाही. "दिवसभर सगळ्या जगाशी गोड बोलता, आणि झोपलात की माझ्याकडे तोंड करून कराकरा दात खाता. एवढा राग मनात धरून शेजारी झोपणारा माणूस मला आता सोसवत नाही. पाळणाघरात बाळाला जागा मिळाली तरी मी येईनच असं समजू नका. तो आवाज बंद झाला की कळवा." आणि गाडी सुटली. वेळ अशी साधलीस की धंद्यात असतीस तर मला विकून खाल्लं असतंस.

तर उत्तर आत्ता देतो. मी दात खात नाही. अगं, माझं आयुष्य कशावर उभं आहे? शाळा अर्धी सोडलेला पोरगा मी, हातात ना कागद ना वशिला, होते ते दोन कान. मोटार, पंप, गिअरबॉक्स, काहीही आणा, उघडायच्या आधी आवाजावरून सांगतो की कुठे दुखतंय. आणि ज्याला दुसऱ्याच्या मशीनमधला एक दाता झिजलेला ऐकू येतो, त्याला स्वतःच्या तोंडातली चक्की ऐकू येणार नाही? मला ऐकू येत नाही, म्हणजे आवाज नाही. हिशेब सरळ आहे.

बाकी मजेत. जेवण सोपं ठेवलंय: सूप, अंडी, दुधात बुडवलेला पाव. कडक पाव परवा खाल्ला तर डाव्या दाढेचा टवका उडाला. दात जुना होता. आता उजवीकडून चावतो. सकाळी उठलं की कानशिलं ठणकतात आणि डाव्या कानात दडा बसल्यासारखं होतं, ते दुपारपर्यंत जातं. हे लिहायचं नव्हतं. पण खोडलं तर तू कागद उजेडाला धरून वाचशील, म्हणून राहू देतो.

तुझा,
रागावलेला नसलेला


८ फेब्रुवारी

आजीबाई,

आज मी खुशीत आहे, कारण तुमच्याकडच्या लोकांना माझी किंमत कळली आहे.

लेकीने फोनवर एक आवाज पाठवला. "बाबा, इथे एक मशीन आहे, रात्री असा आवाज करतं. काय बिघडलंय?" बिल्डिंगचा पाण्याचा पंप असणार, आणखी काय. मी वर्कशॉपमधल्या मोठ्या स्पीकरवर लावला, सगळी मशीनं बंद करायला लावली आणि लेथवाल्याला म्हटलं, "ऐक आणि शीक." तो म्हणाला, "मालक, शिकून शिकून माझे केस गेले. वाजवा."

एकदा ऐकलं आणि पुरलं. तिथल्या लोकांना सांग, ते असं: मशीन कोरडं चाललंय. वंगण शून्य. दोन कठीण भाग मधे काहीही नसताना एकमेकांवर घासतायत, तेही पूर्ण भाराखाली. आवाज सतत नाही, थांबून थांबून येतो, म्हणजे ते मधेच अडकतंय, जोर लावतंय, सुटतंय. पृष्ठभाग आत्तापर्यंत सपाट झाले असतील. एखादा टवकाही उडाला असेल. असंच चालवलं तर सांधा जाईल, आणि सांधा गेला की आसपासचं सगळं जाईल. आणि एक विचार: हे मशीन सांभाळतंय कोण? एवढा आवाज होतो आणि त्याला पत्ता नाही? तो ठार बहिरा तरी असेल नाहीतर महा हेकट.

लेथवाला म्हणाला, "मालक, न बघता एवढं?" मी म्हटलं, वस्तादांची कृपा. आठवतात ना माझे वस्ताद? त्यांनीच मला सळी लावायला शिकवलं. सळीचं एक टोक बेअरिंगच्या खोक्यावर टेकवायचं, दुसरं दातात घट्ट धरायचं. ते म्हणायचे, "कानाला बाहेरचं ऐकू येतं, दाताला आतलं." तेव्हापासून सळी माझ्या तोंडात आहे. लग्नाच्या सकाळीसुद्धा एक कंप्रेसर ऐकून आलो होतो, तुझ्या वडिलांना सांगितलं नव्हतं.

बाळ बसायला लागली का? माझ्या कानावर गेली आहे म्हणतात. कानाचा आकार जाऊ दे, ऐकणं गेलं म्हणजे झालं.

तुझा,
तज्ज्ञ


१६ फेब्रुवारी

आजीबाई नव्हे, कटबाज बाई,

लेकीचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे तू काय केलंस ते तुलाच वाचायला मिळेल. "बाबा, निदान अगदी बरोबर. ते मशीन तुम्ही आहात. आईने निघायच्या आदल्या आठवड्यात उशीजवळ फोन ठेवला होता."

ते मी वर्कशॉपमध्ये, चष्मा नसल्यामुळे, लेथवाल्याला मोठ्याने वाचायला दिलं होतं. तो "ते मशीन" पर्यंत आला आणि थांबला. मग त्याने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि लेथचा आधार घेऊन खाली बसला. त्याला एवढा हसताना मी पाहिलेला नाही. दुपारी चहा देताना म्हणाला, "मालक, भाराखाली आहात, जपून उचला कप."

माझेच शब्द माझ्याच घशात घातलेस. बहिरा म्हणालो, हेकट म्हणालो. तू बाळाला मांडीवर घेऊन ते पत्र वाचलं असशील आणि बाळासकट हसली असशील. हसलीस ना? मला तेवढं तरी कळू दे.

मी तो आवाज नंतर एकट्याने पुन्हा ऐकला. या वेळी मशीन म्हणून नाही. आणि खरं सांगू? ऐकायला राग वाटतो. मी तुझ्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. अंधारात, शेजारी, कोणीतरी काहीतरी चिरडतंय.

पण मी चिडलेलो नव्हतो गं. म्हणजे, मला तरी तसं वाटत नाही. आता माझ्या वाटण्यावर मीच किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न आहे.

असो. बिघाड सापडला की रडायचं नाही, दुरुस्ती करायची. दोन कठीण भाग घासतात, तर मधे काय घालतात? बुश. टेफ्लॉनचा एक तुकडा पडलेला आहे, लेथवर दाढेच्या मापाचं काम करायला कितीसा वेळ लागतो! डॉक्टर कशाला? माझं मशीन, माझी दुरुस्ती.

तुझा,
बहिरा


५ मार्च

आजीबाई,

बुशविषयी लेकीने तुला सांगितलं असेलच, कारण लेथवाल्याने लेकीला सांगितलं. घरात माणसं दोन आणि बातमीदार चार.

कामात चूक नव्हती. फिनिश असं की बोट लावलं तर घसरावं. फक्त मी ते दुखऱ्या डाव्या बाजूलाच बसवलं. मशीनला जिथे झीज तिथे बुश, या न्यायाने. जबडा काही मशीन नाही. एका बाजूला उंचवटा आला तसा तो आणखी जोराने चावू लागला, आणि चौथ्या सकाळी मी जांभई दिली ती तशीच राहिली. तोंड उघडं, बंद होईना. म्हणजे जबडा आ वासून थांबला आणि मी आरशासमोर उभा. शेवटी कट्‌ आवाज होऊन बसला, पण मी घाबरलो. कान गेले तर धंदा गेला, आणि त्या कट्‌नंतर डाव्या कानात सगळं घुमायला लागलं होतं.

लेथवाला मला ओढतच दातांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. बाई आपल्या लेकीएवढ्या, बोलायला त्याहून तिखट. मी खुर्चीत बसल्या बसल्या म्हटलं, "तुमच्या कंप्रेसरचा एक व्हॉल्व्ह गळतोय." त्या म्हणाल्या, "काका, कंप्रेसरचं ऐकू नका. तोंड उघडा."

मी खिशातलं बुश दाखवलं. त्यांनी चिमट्याने उचलून उजेडात धरलं, फिरवून फिरवून पाहिलं. "सुंदर आहे," म्हणाल्या. "टेबलाच्या पायाखाली घाला."

मग तपासणी. दाढा सपाट झाल्यात. जिभेच्या कडेला दातांच्या खुणा उमटल्यात, गालाच्या आत पांढरी रेघ. जबड्याचा स्नायू दाबला तर मी खुर्चीतून उठलोच. बाई म्हणाल्या, "दुखणं कानात नाही, कानासमोरच्या सांध्यात आहे. कान खणखणीत आहेत, हवं तर तपासून घ्या." हे ऐकल्यावर मला जे वाटलं ते लिहीत नाही, कागद ओला होईल.

बाईंनी समजावलं की झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःला बहुतेक वेळा कळतच नाही. शेजारचा सांगतो आणि हा भांडतो. मी म्हटलं, "तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का?" त्या म्हणाल्या, "सगळ्या घरी हेच असतं."

मग म्हणाल्या, "समोरच्या दाताला इथे खाच आहे. पेन चावता? खिळे धरता तोंडात?" मी ठामपणे नाही म्हटलं. मागून लेथवाला म्हणाला, "सळी, बाई."

सांगितलं मग सळीचं सगळं. बाईंनी विचारलं, किती वेळ धरता? मी म्हटलं, लागेल तेव्हा. लेथवाला म्हणाला, "बाई, सळी नसली तरी आवळलेलेच असतात. मालक काहीही लक्ष देऊन ऐकायला लागले की इथे गाठ येते." आणि त्याने स्वतःच्या कानाखाली बोट लावलं. "गिऱ्हाईक बोलत असलं तरी. मी सुट्टी मागत असलो तरी. नवीन माणसं घाबरतात, त्यांना वाटतं मालक भडकले. मी त्यांना सांगतो, अरे, भडकले नाहीत, ऐकतायत."

इथे मला तुझी आठवण झाली. जेवताना तू काही सांगत असायचीस, मधेच थांबायचीस आणि म्हणायचीस, "जाऊ दे, तुम्हाला राग येतोय." मी म्हणायचो, नाही, बोल ना. आणि तू माझ्या गालाकडे बघत बघत ताटं उचलायचीस. मी तेव्हा तुझं ऐकत होतो. वस्तादांनी शिकवलं होतं तसंच, दात घट्ट धरून. दुसऱ्या तऱ्हेने लक्ष देऊन ऐकणं मला माहीतच नव्हतं.

मी बाईंना विचारलं, "रात्रीचंही यातूनच येतं ना? हे रागाचं नाही, असं लिहून द्याल का? बायकोला पाठवायचंय." बाई म्हणाल्या, "दिवसाचं आवळणं आणि रात्रीचं घासणं ही भावंडं आहेत, एक नव्हेत. ताणाने वाढतं, संध्याकाळच्या चहाने वाढतं, झोप मोडली की वाढतं. कारणं चार असतात. राग कोणावर आहे की नाही हे दातावर लिहिलेलं नसतं. मी दातांची डॉक्टर आहे काका, तुमची वकील नाही."

तर वकील नाही. साक्षीदार एक टकला लेथवाला. निकाल तुझ्याकडे.

तुझा,
आ वासलेला


११ एप्रिल

आजीबाई,

लेकीने कळवलं, पाळणाघरात जूनपासून जागा मिळाली. तू त्यावर काही बोलली नाहीस, हेही कळवलं. मी विचारत नाही. मी फक्त कामाचा अहवाल देतो.

बाईंनी दातांचा साचा घेतला. गुलाबी लगदा तोंडात भरून गप्प बसायचं असतं. माझ्यासारख्याला तीच खरी शिक्षा. त्यावरून वरच्या दातांचं एक पारदर्शक आवरण बनवलं. रात्री घालायचं, सकाळी ब्रशने धुवायचं. दोन्ही बाजूंना सारखं टेकतं. कारागिरी बघून मी बाईंना हात जोडले. पहिल्या रात्री झोपेत काढून फेकलं, सकाळी पलंगाखाली सापडलं. आता सवय झाली.

चहा दुपारनंतर बंद. ही बातमी तू दोनदा वाचशील म्हणून परत लिहितो: बंद. झोपायच्या आधी गालांना गरम पाण्यात पिळलेलं फडकं आणि बोटांनी हलकी मालिश.

पण खरी मेहनत दिवसाची. बाई म्हणाल्या, दात एकमेकांना भेटतात फक्त चावताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ वरच्या दातांमागे आरामात टेकलेली. बोलायला सोपं आहे, करून बघ. आयुष्यभराची घट्ट मूठ उघडायची, तीही तोंडातली. आठवणीसाठी मी लाल रंगाचे ठिपके लावलेत: लेथच्या हँडलवर, टेबलावर, घड्याळावर, आपल्या घरी आरशावर. ठिपका दिसला की दात सोडायचे. लेथवाला ठिपक्यांवर थांबत नाही, तो वर्कशॉपच्या टोकावरून ओरडतो, "मालक, दात!" परवा एक मोठं गिऱ्हाईक समोर बसलं होतं, भाव पाडत होतं. मी नेहमीसारखा हसत होतो. मागून आवाज आला, "मालक, दात!" गिऱ्हाइकाने आपलेच दात चाचपले.

तेव्हा मला एक समजलं. ते हसू धरून ठेवायलाही जबडाच लागतो. शून्यातून वर आलेल्या माणसाला कोणाला उलट बोलायची चैन परवडत नाही. गोड बोलायचं, आणि न बोललेलं चावून टाकायचं. तू म्हणालीस ना, दिवसभर जगाशी गोड बोलता. त्या गिऱ्हाइकाला मी दात सोडून, न हसता सांगितलं, "या भावात होणार नाही." तो म्हणाला, "बरं." नुसतं बरं! इतकी वर्षं मी काय चावत होतो?

सळी भिंतीवर टांगली. आता यांत्रिकांचा स्टेथोस्कोप वापरतो, डॉक्टरसारखा, कानात. पहिले काही दिवस काहीच समजेना, परक्या घरात अंधारात चालल्यासारखं. परवा एका पंपातलं बिघडलेलं बेअरिंग बरोबर सापडलं. दातांना न विचारता. वस्ताद असते तर रागावले असते, मग त्यांनीही मागून घेतला असता.

आता कठीण भाग. तुझी अट होती: आवाज बंद झाला की कळवा. मी गेल्या आठवड्यात उशीजवळ फोन ठेवला. चार रात्री शांत होत्या. पाचवी नव्हती. आवरणावर घासल्याचा दबका आवाज, पूर्वीसारखा कराकरा नाही, पण आहे. बाई म्हणतात आवरण दात वाचवतं, सवय मारत नाही. कमी होईल, एखाद्या काळात पुन्हा वाढेल, पूर्ण जाईलच असं वचन त्या देत नाहीत.

चांगल्या चारांपैकी एक रात्र पाठवता आली असती. लेथवाला तेच म्हणाला. पण मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की बिघडलेल्या मशीनचा चांगला तास ऐकवून मला फसवू नका. म्हणून लेकीकडे पाचवीच पाठवली आहे. अट पुरी झालेली नाही. ऐक. या वेळी निदान तू कर.

आणि तू म्हणालीस त्या मनात धरलेल्या रागाचं उत्तर, डॉक्टरांशिवाय. तुझ्यावर राग मला आला आहे. काही वेळा, जागेपणी, आणि तेव्हा शेजाऱ्यांनाही ऐकू गेला. साठवून ठेवलेला काही नाही. शोधला, सापडला नाही.

तुझा,
सुटलेला


३० मे

माझ्या निदानकर्तीस,

काल तुझा फोन आला तेव्हा हातात ग्रीस होतं, फोन कोपराने उचलला. आपण किती वेळ बोललो, आणि गाल दुखला नाही, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. मग आता पत्र कशाला, असं म्हणशील. तू येण्याआधी पोचणार नाही कदाचित. तरी लिहितो, सवय लागली, आणि ही सवय कोणी सोडायला सांगितलेली नाही.

तू जे बोललीस ते कागदावर असू दे. तू म्हणालीस, बाळाला आता वर दोन आणि खाली दोन दात आलेत. परवा दूध पिऊन, तुझ्या खांद्यावर, हसत हसत झोपली, आणि झोपेत कर्रकर्र आवाज यायला लागला. तू दचकलीस. लेक म्हणाली, "आई, डॉक्टरांना विचारलंय, नवे दात आले की बाळं करतात, जातं आपोआप." आणि तू तिच्याकडे बघत बसलीस. "पोट भरलेलं, अंग गरम, तोंडावर हसू," तू म्हणालीस. "एवढ्याशा जिवाला कोणावर राग असणार हो? मग मी तुमचा आवाज पुन्हा लावला. पाचव्या रात्रीचा. तिच्या शेजारी बसून."

मी विचारलं, "मग? निदान?"

तू घसा साफ केलास आणि अगदी माझ्या सुरात म्हणालीस, "वंगण लागलंय. भार कमी झालाय. मशीन जुनं आहे, आवाज थोडा राहणार. चालवायला हरकत नाही." मागून लेक हसली. मग तू हळूच म्हणालीस, "तुमचा आवाज तिच्याहून बारीक आहे आता."

लेथवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनी आल्या की मला 'मालक, दात' ओरडायची सुट्टी मिळेल का?" मी म्हटलं, ते काम आता त्यांच्याकडे.

रविवारी स्टेशनवर घ्यायला येतो. तू जिथे उभी राहून बोलली होतीस, तशाच डब्याच्या दाराशी थांबेन. तू उतरलीस की आधी तूच बोल, सगळं, जेवताना अर्धं राहिलेलं सुद्धा. मी ऐकेन. माझे ओठ मिटलेले दिसतील, पण त्यावरून काही ठरवू नकोस. आत दात सुटलेले आहेत.

तुझाच